वेखंडाचा वास

आमच्या घरात मांजर व्याली तेव्हा मला हॉस्पिटलमधून येऊन आठवडाही झाला नव्हता, आणि कुणाच्याही पिल्लांचं कौतुक करायच्या मनःस्थितीत मी नव्हते. बंगळुरात येलहंक्याच्या जुन्या वस्तीत पहिल्या मजल्यावर आम्ही भाड्यानं राहतो. खाली घरमालकीण राहते, तिला सगळी गल्ली अक्का म्हणते. आमच्या स्वयंपाकघराच्या मागे कपडे धुण्यासाठी जाळी लावलेली एक अरुंद गॅलरी आहे. इथे तिला सगळे युटिलिटी म्हणतात. तिथे वॉशिंग मशीन असतं, रिकामा सिलिंडर असतो, केरसुण्या असतात. मी घरी येण्याआधी नवऱ्यानं बाळासाठी आणलेल्या सगळ्या वस्तू उचलून तिथेच मशीनच्या मागे नेऊन ठेवल्या होत्या. प्लॅस्टिकचा टब, टबात आईनं जुन्या सुती साड्यांची शिवलेली दुपटी, आणि वर अंथरलेली चादर. मला दिसू नये म्हणून ही सगळी खटपट. मला ते अर्थातच पहिल्याच दिवशी दिसलं. मांजरीलाही दिसलं असणार, कारण त्या टबातच ती व्याली.

माझं बाळ आठव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. मुलगा होता. का गेला ते डॉक्टरांना नीट सांगता आलं नाही, आणि मीही फार विचारलं नाही. पण मी त्याला पाहिलं नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण त्या दिवसांत माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतंच. मी गुंगीत होते. नर्सनं त्याला गुंडाळून दाराशी नेलं. तिथे माझी आई आणि नवरा उभे होते. आमच्याकडे असं गेलेलं मूल त्याच्या आईला दाखवत नाहीत. तोंड पाहिलं की माया लागते, दूध आटत नाही, बाई सावरत नाही, असं म्हणतात. नर्सनं विचारलं होतं, मॅडमना दाखवायचं का म्हणून. आई नको म्हणाली, आणि नवऱ्यानं मान हलवली. मला नीट शुद्ध येईपर्यंत सगळं उरकलेलं होतं. नर्सनं विचारलं होतं हेसुद्धा मला तिच्याकडूनच कळलं, डिस्चार्जच्या दिवशी, हाताची सुई काढता काढता.

मी आईला त्याबद्दल एका शब्दानं विचारलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं. भांडणात माझा हात कुणी धरत नाही, आणि माझ्या जिभेला हाड नाही हे माझं सासर-माहेर दोन्ही जाणून आहेत. पण या वेळी मी अबोला धरला. हवं-नको एवढंच बोलायचे. चहा हवा, जेवण नको.

आई बेळगावहून आली होती ती बाळंतपण करायला. येताना भली मोठी पिशवी घेऊन आली होती: डिंक, आळीव, खारीक, बाळंतशेपा, ओवा, वेखंड, आणि घाण्यावरचं खोबरेल. तान्ह्या बाळांना न्हाऊ घालण्यात तिचा हात धरणारं आमच्या गल्लीत कुणी नाही. पाय लांब करून पाटावर बसायचं, पोर नडग्यांवर घ्यायचं, तेलानं रगडायचं, कढत पाणी, मग ओवा आणि शेपांची धुरी, आणि शेवटी टाळूवर वेखंडाची पूड. गल्लीतली अर्धी पोरं तिच्या पायांवर न्हाऊन मोठी झालीत. आता तीच बाई माझ्या घरात सकाळपासून दिवेलागणीपर्यंत नुसती बसून असायची. तिनं निदान मला तरी तेल लावावं, शेक द्यावा म्हणून पहिल्या दिवशी पिशवी उघडली होती. मी म्हटलं, "बाळ नाही, मग बाळंतीण कुठली?" तिनं पिशवीचं तोंड परत बांधलं आणि दिवाणाखाली सरकवून दिली.

मांजर करड्या पट्ट्यांची होती. अक्काच्या दारातला दहीभात खायची आणि तरीही कुणाची नसायची. एका सकाळी मशीनच्या मागून बारीक चिरका आवाज यायला लागला. मी ओट्यापाशी पाणी पीत उभी होते. तो आवाज ऐकला आणि माझा गाऊन पुढून ओला झाला. दूध थांबायच्या गोळ्या चालू होत्या, छाती आवळून बांधलेली होती, तरी शरीराला कुणी काही सांगितलं नव्हतं. कुणीतरी रडतंय, एवढंच त्याला कळलं. मी तिथेच ओट्याला धरून उभी राहिले. इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता, आणि तो कुणावर काढावा ते समजत नव्हतं.

टब बाहेर काढून टाकू का, असं नवऱ्यानं बिचकत विचारलं. मी राहू दे म्हटलं. तो सकाळी पीण्या या औद्योगिक भागातल्या कारखान्यात जायचा तो संध्याकाळी ट्रॅफिकमध्ये पिळून निघून यायचा. दिवसभर घरात आम्ही तिघी: आई, मी आणि ती मांजर. पैकी दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. मी हळूहळू मांजरीपाशी बसायला लागले. दारात प्लॅस्टिकचं स्टूल टाकायचं आणि बघत राहायचं. तिनं दोन-चार वेळा कान मागे पाडून माझा अंदाज घेतला. मग ती मलाही वॉशिंग मशीनसारखी तिथलीच एक वस्तू धरायला लागली.

पिल्लं तीन होती. दोन पिवळी, एक काळं. डोळे मिटलेले, कान चिकटलेले. ना ऐकू येत होतं, ना दिसत होतं. तरी प्रत्येकाला आपलं आचळ माहीत होतं. चुकून दुसऱ्याच्या जागेवर गेलं की ढकलाढकली व्हायची, आणि परत जो तो आपल्या जागी. मांजर त्यांना चाटत असायची. आधी तोंड, मग पाठ, मग उताणं पाडून पोट आणि त्याखाली. तसं चाटल्याशिवाय इतक्या लहान पिल्लांना शी-शू करता येत नाही, हे मला नंतर कळलं. तेव्हा मी नुसती बघायचे. तिला कंटाळा कसा तो नव्हता. दहीभात खायला खाली जायची तेवढाच काय तो विसावा. आली की टबाच्या काठावर पुढचे पाय ठेवून आत वाकायची आणि एकेकाच्या डोक्याला नाक लावायची. वर्गात शिरल्यावर बाई हजेरी घेतात तशी. तिघांचं झालं की मगच आत उतरून आडवी व्हायची.

मला तिचा हेवा वाटायचा. त्यात लपवण्यासारखं काही नाही. रस्त्यावरची मांजर, तिला तिची पिल्लं डोळे मिटूनही ओळखता येत होती. आणि मी, कोरमंगलाच्या कंपनीत पंधरा जणांची टीम सांभाळणारी, माझं मूल मला दाखवलं असतं तरी ओळखता आलं नसतं. त्याला केस होते का, हेही मला ठाऊक नव्हतं.

आईही मागे येऊन उभी राहायची. तिचे हात शिवशिवत असायचे हे मला न वळताही कळायचं. पावसाची झिमझिम थांबत नव्हती, हवा गार होती, दोरीवरचे कपडे वाळत नव्हते. पिल्लांचे डोळे उघडायला लागले तेव्हा ते चिपडांनी चिकटलेले होते, आणि अंगावर पिसवा दिसत होत्या. आई माझ्या पाठीला सांगायची, "शिंकायलेत बघ. गार लागायलंय त्यांना." बेळगावकडच्या बायका स्वतःबद्दल करतो, जातो असंच बोलतात. तशीच एकदा म्हणाली, "मी पुसून घेतो की जरा." मी पिल्लांकडेच बघत राहिले. माझा अबोला तिनं होकार समजला की नकार, देव जाणे.

एका दुपारी मी आत पडले होते. डोळा लागला होता. जाग आली ती वासानं. ओवा आणि शेपांचा धूर, त्यात कोमट तेल, आणि या सगळ्यावर वेखंडाचा तो उग्र, नाकात बसणारा वास. ज्या घरात तान्हं मूल असतं त्या घराचा वास. झोप आणि जाग यांच्यामध्ये एक क्षण असतो, त्या क्षणात मला वाटलं की आहे. बाळ आहे, आई त्याला न्हाऊ घालतेय, आता दुपट्यात गुंडाळून माझ्याकडे आणून देईल. मी हातसुद्धा पुढे केला. मग छत दिसलं, पंखा दिसला, आणि सगळं आठवलं.

मी तडातडा युटिलिटीत गेले. तोंडात काय काय शब्द तयार होते ते लिहीत नाही. आई पाटावर पाय लांब करून बसली होती. नडग्यांवर एक पिवळं पिल्लू उपडं, तेलानं चमकणारं. दुसरं तिच्या मांडीवर दुपट्यात, न्हाऊन झालेलं, डोळे लख्ख पुसलेले, डोक्यावर वेखंडाची पांढुरकी पूड. शेजारी जुन्या तव्यावर निखाऱ्यांची धुरी. काळं पिल्लू निसटून सिलिंडरच्या मागे जाऊन बसलं होतं. मांजर खाली दहीभाताला गेली होती. आणि आईचा चेहरा. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो माझ्या आईचा चेहरा होता. ती पिल्लाशी बोलत होती, बेळगावी मराठीत, मध्येच एखादा कानडी शब्द टाकत, जशी प्रत्येक बाळाशी बोलते. पिसवा वेखंडानं पळतात, ती मला बघून म्हणाली, बघ कसं शांत झोपलंय. मला ओरडता आलं नाही. मी उंबऱ्यावर बसले. खरं सांगायचं तर मला ते बघायला बरं वाटलं.

दुसरं न्हाऊन होतंय तोच मांजर जाळीतून आत आली. आईनं घाईनं दोघांना टबात ठेवलं. मांजर नेहमीसारखी काठावर पाय ठेवून वाकली, पहिल्याच्या डोक्याला नाक लावलं आणि झटकन मागे झाली. परत वाकली. या वेळी कान सपाट झाले, पाठ वर आली, आणि ती फिस्कारली. दुसऱ्यालाही तसंच. पिल्लं तिच्या आवाजाकडे तोंडं वर करून सरपटत होती. ती मागे मागे सरकत भिंतीला टेकली. मग तिनं काळ्याला सिलिंडरमागून मानेला धरून उचललं, जाळीच्या फटीतून बाहेर पडली आणि शेजारच्या गच्चीवर दिसेनाशी झाली.

येईल की परत, आई म्हणाली. एकेक करून नेतात मांजरी. ती दाराशी बसून राहिली. मांजर संध्याकाळच्या आत आलीसुद्धा. आई श्वास रोखून उभी होती, आणि मीही. मांजर टबापाशी आली, लांबूनच मान पुढे करून हुंगलं, आणि वळली. पिल्लं ओरडत होती. ती जाळीपाशी थांबली, मागे वळून बघितलं. आवाज तिच्या पिल्लांचा आणि वास भलत्याच कुणाचा, असं झालं असणार तिचं. मग गेली.

मी डॉक्टरला फोन लावला, जनावरांच्या. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि मग सांगितलं की मांजर पिल्लांना वासानं ओळखते. कोमट पाण्यात फडकं भिजवून नुसतं पुसा, मांजर जिथे झोपायची तो कपडा त्यांच्या अंगावर चोळा, आणि ऊब द्या. मी फोन स्पीकरवर ठेवला होता. आईला हिंदी बेताचीच समजते, पण एवढं समजलं. तिनं पाणी तापायला ठेवलं.

ते दोन-तीन दिवस आमच्या घरात सगळ्यांचा जीव त्या टबात होता. नवऱ्यानं पिल्लांची दुधाची पावडर आणि बिनसुईची सिरिंज आणली. आई त्यांना थेंब थेंब पाजायची, ओल्या कापसानं पोटाखाली पुसायची, मांजर जिभेनं करायची तसं. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून कुशीला ठेवायची. मांजर झोपायची त्या दुपट्याच्या बोळ्यानं त्यांचं अंग घासायची, मग स्वतः वाकून हुंगायची आणि माझ्यापुढे धरायची. येतोय का ग अजून? येत होता. वेखंड असं धुऊन जात नाही. मी नाही म्हणायचे. मांजर शेजारच्या गच्चीवर टाकीच्या आडोशाला काळ्याला पाजताना दिसायची. आमच्या जाळीकडे बघायची, पण यायची नाही. अक्का एकदा वर येऊन बघून गेली. पाप, म्हणाली, आपण बिचारी म्हणतो तसं कानडीत, आणि ते पिल्लांना उद्देशून होतं की आम्हाला ते काही तिनं सांगितलं नाही.

आधी ज्याला न्हाऊ घातलं होतं ते पिवळं पिल्लू सकाळी गार झालेलं मिळालं. दुसरं आईच्या ओच्यात गेलं, दुपारी. सिरिंजमधलं दूध त्याच्या तोंडातून बाहेर यायला लागलं तरी ती पाजत राहिली. मी तिच्या हातातून सिरिंज काढून घेतली तेव्हा तिला कळलं. नवऱ्यानं पहिल्याला कढीपत्त्याच्या झाडाखाली पुरलं होतं. तो कारखान्यात होता म्हणून दुसऱ्याला मी खाली नेलं. बाळंतीण बाईनं असल्या कामाला जाऊ नये, असं आई म्हणाली नाही. मी वर आले तेव्हा ती तिथेच, युटिलिटीच्या फरशीवर बसलेली होती. टब रिकामा होता. हात मांडीवर उताणे पडलेले होते.

मी स्टूलवर बसले. काहीतरी बोलायला हवं होतं, पण सवय मोडली होती. आईच बोलली, फरशीकडे बघत.

"तिचा वास मी पुसून टाकलो. तिला काय कळणार, कुणाची पोरं ती." तिची नजर टबाकडे गेली. मग म्हणाली, "तुझं पण तसंच केलो मी. बघू दिलो नाही तुला."

कित्येक दिवस मी अंथरुणात पडल्या पडल्या या क्षणाची तयारी केली होती. तुला कुणी अधिकार दिला, इथपासून सुरुवात होती. एकेक वाक्य घासून ठेवलेलं होतं. त्यातलं एकही मला सापडलं नाही. मी खाली उतरून तिच्याजवळ बसले आणि जे विचारायचं होतं ते विचारलं.

"कसा होता?"

तिनं पदरानं हात पुसले. ते कोरडेच होते.

"केस होते ग. दाट. इथवर," आणि स्वतःच्या कपाळावर बोट ठेवलं. नाक माझ्या वडिलांचं होतं म्हणाली. उजव्या पायाचं करंगळीशेजारचं बोट वर चढलेलं, माझं आहे तसं. ओठ लाल होते. तिनं त्याला हातात घेतलं तेव्हा अंगात अजून ऊब होती. दुपटं मोठं झालं होतं म्हणून दुमडून घ्यावं लागलं. हे सगळं ती सावकाश सांगत होती, एकही गोष्ट राहू नये अशा बेतानं. मी तिच्या तोंडाकडे बघत ऐकत होते. मला तो दिसायला लागला होता, पण अजून एक गोष्ट उरली होती.

"वास कसा होता त्याचा?"

आईनं माझ्याकडे बघितलं.

"बाळाचाच," ती म्हणाली. "दुसरा कसला असणार."

तेव्हा मी रडले. हॉस्पिटलमध्ये रडले होते ते वेगळं, ते दुखण्याचं होतं. हे त्याच्यासाठी होतं, दाट केसांच्या, बोट वर चढलेल्या माझ्या मुलासाठी. आईही रडत होती, पण तिनं मला जवळ घेतलं नाही. हात मांडीवर तसेच होते. हात लावायला ती भीत होती हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

मी उठून दिवाणाखालची पिशवी ओढून आणली. तेलाची बाटली काढली, वाटीत ओतलं, गॅसवर धरून कोमट केलं. पाट मांडला आणि तिच्याकडे पाठ करून बसले.

"लाव," मी म्हटलं. "बाळंतीण आहे मी."

मागे ती उठली. मग नळ सुटल्याचा आवाज आला. तिनं साबणानं हात धुतले, परत धुतले. धुऊन हुंगत असणार. मग मला तिच्या बांगड्या वाजलेल्या ऐकू आल्या आणि तिचा हात माझ्या पाठीवर टेकला. तो गार होता. वेखंडाचा वास अजून त्याला येतच होता.